पहाटेचा तास कुणाचा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. फुल मॅरेथॉनच्या तयारीला सोळा ते अठरा आठवडे धरावेत असं बहुतेक सगळे छापील तक्ते सांगतात. मागे मोजत गेलं की सुरुवात सप्टेंबरच्या मध्यावर येते. परभणी जिल्ह्यातल्या सेलूत राहणाऱ्याने हा तक्ता एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी धरून पाहावा. सप्टेंबर संपता संपता सोयाबीन काढणीला येतं, आणि परतीच्या पावसाने गाठायच्या आत रास घरात यावी म्हणून ज्याच्या घरी चार एकर रान आहे तो नोकरदारसुद्धा सुट्टी टाकून शेतात उभा असतो. मागोमाग नवरात्र, दसरा, दिवाळी. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या मोंढ्यात आणि जिनिंगवर यायला लागतात. आडत, बँक, वाहतूक, हमाली या कामांतल्या कुणालाच मग घरी यायची ठरलेली वेळ राहत नाही. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई आहेच. तक्त्यात ज्या आठवड्यांपुढे सर्वांत मोठे आकडे लिहिलेले असतात, नेमके तेच आठवडे इथल्या घरात सर्वांत जास्त राबण्याचे असतात. तक्ता करणाऱ्याचा यात दोष नाही, त्याच्यासमोर सेलू नव्हतं. पण नोकरी-धंदा आणि घर सांभाळून पळू पाहणारे बहुतेक जण ऑक्टोबरात चुकलेले दिवस मोजायला लागतात, नोव्हेंबरात ते भरून काढायला जातात, आणि डिसेंबरात गुडघा धरून बसतात किंवा घरात धुसफूस ओढवून घेतात. माझं म्हणणं असं आहे की आराखडा शर्यतीच्या तारखेपासून मागे मोजत आखूच नये. तो घरच्या कामापासून पुढे मोजत आखावा. तसं केल्याने शरीराची तयारी कमी पडत नाही, उलट ती मुरते, हे मला इथे पटवून द्यायचं आहे.

पहिला मुद्दा वेळेचा. पळणाऱ्या पुरुषांच्या बोलण्यात पहाटेचा तास हा कुणाचाच नसलेला, रिकामा तास असतो: सगळे झोपलेले असतात, तेवढ्यात आपलं उरकून यायचं. घराचा दिवस जरा नीट पाहिला तर हे खरं नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा घरातलं कुणीतरी जागं असावंच लागतं. दूध, चूल, डबे, मुलांची आवराआवर, म्हाताऱ्या माणसांचं गरम पाणी आणि गोळ्या हे सगळं साडेपाच ते आठ याच वेळात बसलेलं असतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटं, आणि मुळात असं काम करणारे पुरुष शंभरात २६ च्या आसपास. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटं झाले. चित्र तेच राहिलं. आता दुसरा हिशोब. नोकरी करून पळणारा माणूस किलोमीटरला सात मिनिटांच्या वेगाने ४२.१९५ किलोमीटर पळाला तर त्याला २९५ मिनिटं लागतात. त्यासाठी तो वर्षभर तयारी करतो, शर्यतीनंतर गळ्यात पदक घालून फोटो काढतो. जवळपास तेवढाच वेळ त्याच्या घरातली बाई रोज घरकामात उभी असते, आणि तिच्या वेळापत्रकात विश्रांतीचा आठवडा कुठेच लिहिलेला नसतो. म्हणून नवरा आठवड्याला पाच तास पळायला घेतो तेव्हा ते कुठून आले हे विचारावंच लागतं. ते त्याच्या मोबाइलमधून, कट्ट्यावरच्या बसण्यातून आले असतील तर प्रश्न नाही. ते त्याच्या वाट्याच्या घरकामातून आले असतील तर तेवढं काम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेलेलं आहे.

दुसरा मुद्दा शरीराचा, आणि इथे आपल्या भागातली एक सवय आड येते. सेलूच्या रस्त्यांवर पहाटे पळणारी माणसं नवी नाहीत. पाथरी रस्त्याला कुठल्याही दिवशी तांबडं फुटायच्या आत पोरांचे घोळके दिसतात. पोलीस भरती, सैन्य भरती हे त्यांचं लक्ष्य. तिथे १६०० मीटरचं अंतर पाच मिनिटांच्या आसपास काढायचं असतं, म्हणून ती पोरं रोज छाती फुटेपर्यंत पळतात, आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. पण पळणं म्हणजे धापा टाकणं ही समजूत तिथून सगळ्या गावाच्या मनात बसली. तिशी-पस्तिशीत फुल मॅरेथॉनचं मनावर घेणारा माणूस त्याच समजुतीने सुरुवात करतो, पहाटे जीव काढून पळतो, दिवसभर दुकानात पेंगतो, संध्याकाळी मुलांवर चिडतो आणि तिसऱ्या महिन्यात सोडून देतो. मॅरेथॉनची तयारी बहुतांश अशा वेगात करायची असते की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. त्या वेगात स्नायूंमधल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींतले ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि शरीर चरबी जाळून चालायला सरावतं. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर बहुतेकांना साधारण तीस किलोमीटरपर्यंतच पुरते. पुढची वाट याच सवयीवर निघते. यातलं काहीही पंधरा दिवसांत होत नाही, आणि आठ-दहा दिवसांच्या खंडाने फारसं मोडतही नाही. उलट हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा तयार व्हायला फार वेळ घेतात. चार महिन्यांचा घाईचा तक्ता दुखापत देतो तो याचमुळे. फुप्फुसं तयार झालेली असतात, नडग्या झालेल्या नसतात. दोन-अडीच वर्षं आठवड्याला चार वेळा सावकाश पळणारा, मध्ये सुगीला तीन आठवडे जवळपास थांबणारा माणूस त्या तक्त्यावर पळणाऱ्यापेक्षा भक्कम पायांवर उभा असतो.

हे नुसतं समाधान करून घेणं नाही, याला पुरावा आहे. सावकाश आणि लांब पळण्याची ही पद्धत ज्याच्या नावाशी जोडली जाते तो न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचा आणि पहाटे दूध टाकायचा. प्रयोगशाळा किंवा क्रीडा प्रबोधिनी नव्हे, कामावर जाणाऱ्या माणसाने स्वतःच्या पायांवर केलेले प्रयोग हा त्या पद्धतीचा उगम. ऑकलंडमधली जी पोरं त्याच्या हाताखाली पळाली तीही पोटापाण्याची कामं करणारी होती, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांतल्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण घेतलं, बॅरी मॅगीने मॅरेथॉनचं कांस्य. आपल्या काळातलं उदाहरण युकी कावाउची याचं. जपानमध्ये चांगले धावपटू कंपन्यांच्या संघात असतात आणि पळणं हेच त्यांचं काम असतं. कावाउची सैतामा प्रांताच्या सरकारी हायस्कूलमध्ये कारकुनी करायचा. दुपार ते रात्र ड्यूटी असल्याने तो सकाळी एकदाच पळायचा, जिथे संघातली मुलं दिवसातून दोनदा पळत होती. जोराच्या सरावाला सवड नाही म्हणून त्याने शनिवार-रविवारच्या शर्यतींनाच सराव मानलं. २०१८ साली बोस्टनमध्ये गारठ्यात, पावसात, समोरच्या वाऱ्यात तो २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला, तेव्हाही तो नोकरीतच होता. असं शरीर प्रत्येकाला मिळत नाही हे मान्य. मला त्याच्याकडून घ्यायचं आहे ते वेगळं: नोकरीचे तास आधी मांडायचे, उरलेल्या जागेत पळणं बसवायचं, आणि जे बसत नाही ते निमूटपणे सोडून द्यायचं. आपल्या मराठवाड्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या रौप्यपदकाचा अभिमान सगळ्यांना आहे. पण साबळे सैन्यात आहे, पळणं ही त्याची नोकरी आहे. सकाळचा सराव झाला की त्याने विश्रांती घ्यावी अशी व्यवस्था असते. सेलूतल्या दुकानदाराला सरावानंतर शटर उचलायचं असतं. साबळेचा तक्ता मोबाइलवर उतरवून घेणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात ठेवावा.

मग सेलूचा आराखडा कसा असेल? इथला उजेड आणि ऊन आधी पाहिलं पाहिजे. मे अखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या सुमारास. म्हणजे ज्याला साडेसहाला घरी हजर व्हायचं आहे त्याला उन्हाळ्यात उजेडात पळता येतं आणि हिवाळ्यात सगळं पळणं अंधारात होतं. पारा चाळीसच्या वर जाणाऱ्या गावात मार्च-एप्रिल-मे हे पळण्याचे महिने आहेत असं म्हटलं तर लोक हसतील, पण घराच्या बाजूने पाहिलं तर तेच सर्वांत मोकळे आहेत: रब्बीची ज्वारी-हरभरा घरात आलेला, जिनिंग थंडावलेली, परीक्षा संपून शाळेला सुट्टी, डब्यांची घाई नाही. पहाटे पाच ते सहा या वेळात हवा सोसण्यासारखी असते. वेग आपोआप कमी राहतो, आणि कमीच राहायला हवा. म्हणून पाया उन्हाळ्यात घालावा. जून ते ऑगस्ट काळ्या मातीची वाट सुटते, बुटाला किलोभर चिखल चिकटतो; तेव्हा डांबरी रस्ता, आठवड्यात पाऊण तासाचे तीन फेरे, आणि सुट्टीच्या दिवशी दीड-दोन तास. सोयाबीनच्या काढणीत आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे, पाय विसरू नयेत एवढ्यासाठी. दिवाळीनंतर लांब पळणं वाढवत न्यायचं. ज्याची आडत आहे त्याने मोंढा बंद असेल तो दिवस धरावा, शिक्षकाने रविवार, आणि रेल्वेने परभणी-जालना अप-डाऊन करणाऱ्याने गाडीची वेळ पाहून जो दिवस साधेल तो. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस किलोमीटरचे लाँग रन या सगळ्या काळात चार-पाचच होतील, आणि ते पुरतात, कारण खाली वर्षभराचा पाया आहे. ज्याची कापसाशी गाठ आहे त्याने जानेवारीचा हट्टच सोडून एक वर्ष हाफ मॅरेथॉनवर काढावं.

यावर पळणाऱ्यांचाच एक आक्षेप येतो: हे अर्धवट काम झालं. तीन पाऊण तास आणि एक लाँग रन यांवर फुल मॅरेथॉन कशीबशी पुरी होईल, चांगली होणार नाही. जमत नसेल तर नाव कशाला नोंदवायचं? आक्षेपात तथ्य आहे. आठवड्याला नव्वद किलोमीटर करणारा चाळीस किलोमीटर करणाऱ्याच्या पुढे राहणार, आणि ज्याला चार तासांच्या आत यायचं आहे त्याला मी सांगतो तेवढ्यावर बहुधा भागणार नाही. पण आक्षेप घेणारा एक गोष्ट गृहीत धरतो, की नव्वद किलोमीटर हा पर्याय समोर आहे. दहा तास उभं राहून काम करणाऱ्यापुढे तो नाही. त्याच्यापुढे खरे पर्याय दोनच आहेत. एक, चार महिने झोप तोडून नव्वदीच्या मागे लागायचं; आणि शरीराची डागडुजी मुख्यतः झोपेत होत असल्याने त्या किलोमीटरांतला बराचसा लाभ वाया घालवायचा. दोन, चाळीस किलोमीटर वर्षानुवर्षं टिकवायचे. पाच तासांत पूर्ण केलेल्या मॅरेथॉनला मी हलकं मानत नाही. साडेतीन तासांत येणाऱ्यापेक्षा तो माणूस दीड तास जास्त रस्त्यावर असतो, ऊन चढेपर्यंत पळतो, आणि सोमवारी कामावर जातो.

दुसरा आक्षेप गावातून येतो आणि तो जास्त जड आहे. दिवसभर रानात राबणाऱ्यांच्या मुलखात पळत काय सुटता, हे पोट भरलेल्यांचं खूळ आहे. राबणाऱ्यांच्या पळण्याची एक गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारी नेसून, अनवाणी तीन किलोमीटर पळाल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला. ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते तेव्हा मला वाईट वाटतं, दोन कारणांनी. एक म्हणजे उपचारासाठी एका म्हाताऱ्या बाईला शर्यत जिंकावी लागणं यात कौतुकाआधी लाज वाटायला हवी. आणि दुसरं, त्यांचे पाय त्या दिवशी अचानक तयार झाले नव्हते, आयुष्यभराच्या मजुरीने तयार झाले होते. शारीरिक कष्ट हे सरावातच धरले पाहिजेत. दिवसभर पोती उचलणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या माणसाला वर आणखी पाच दिवस पळायला सांगणारा सल्लागार त्याचं शरीर मोडेल. खुळाचा आरोप मात्र मला मान्य नाही. १९२० साली ॲंटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून मॅरेथॉन पळालेले बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. भारताचा तो संघ उभा राहिला त्यामागे सर दोराबजी टाटांनी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत पाहिलेली अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं होती. लांब पळणं आपल्याकडे शहरातून गावात आलेलं नाही. आणि तालुक्याच्या गावात आता खुर्चीवर, काउंटरमागे, मोटारसायकलवर दिवस काढणारे पुष्कळ आहेत. मधुमेह आणि रक्तदाब त्यांच्या घरात शिरलेला आहे. त्यासाठी चालणंही पुरेल, मॅरेथॉनच हवी असं नाही, हेही कबूल. तरीही एखाद्या माणसाला पोटापाण्यापलीकडचं एक अवघड काम स्वतःसाठी निवडावंसं वाटतं, याला आधी गावाची परवानगी काढण्याचं कारण मला दिसत नाही.

घराची संमती मात्र काढलीच पाहिजे, आणि ती वर्षाच्या सुरुवातीला मोघम मिळालेल्या होकारावर चालवू नये. आठवडा सुरू होण्याआधी बसून बोलावं: या आठवड्यात नळ कोणत्या दिवशी, पाहुणे कधी, कुणाचा पेपर आहे, शेतात कोण जाणार. लाँग रनच्या दिवशी माणूस तीन तास बाहेर असतो आणि पुढचे तीन तास निम्मा कामाचा असतो, हे उघड सांगावं. त्या बदल्यात काय, तेही सांगावं. सकाळचं काम संध्याकाळी करून देता येतं. भांडी, दळण, भाजी, मुलांचा अभ्यास यांना पहाटेची अट नसते. ‘कुटुंब आधी’ असं म्हणून पळणाऱ्याला स्वार्थी ठरवणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की हाच न्याय ते क्रिकेटचा सामना पाहण्यात गेलेल्या दुपारीला लावतात का. आणि लावत नसतील, तर पळण्यावरचा आक्षेप वेळेचा नसून नवेपणाचा आहे.

खरी अडचण पुढे आहे. वर जे मांडलं ते पुरुषाला धरून मांडता येतं, कारण त्याच्या वाट्याचं घरकाम थोडं आहे आणि अंधारात त्याला कुणी अडवत नाही. बाई पळायची म्हटली आणि तिच्या २८९ मिनिटांतून पाऊण तास काढायचा तर तो कुणीतरी उचलावा लागतो, तोही नेमका सकाळी. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन १९८४ साली लॉस एंजेलिसला पहिल्यांदा झाली. त्याआधी कित्येक वर्षं त्यांच्या शरीराला ते झेपणार नाही असं सांगितलं जायचं. शरीराचा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर, नाशिकच्या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत या दोघी दुष्काळी, डोंगरी मुलखातून येऊन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पळाल्या. ललिता स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत, कविता मॅरेथॉनमध्ये. सेलूतल्या तीस-पस्तीस वर्षांच्या बाईला अडवणाऱ्या गोष्टी मामुली वाटाव्यात अशा आहेत: जानेवारीत सातपर्यंत अंधार, मोकाट कुत्री, कडेला ट्रक उभे असलेला रस्ता, आणि बघणारे. दोघी-तिघींनी मिळून निघणं हा एक उपाय आहे, पण तिघींच्या घरचं एकाच वेळी उरकणं कठीण. म्हणून मला वाटतं, एखादी शर्यत भरवून टी-शर्ट वाटण्याआधी नगरपरिषदेने आणि शाळा-कॉलेजांनी एक काम करावं: गावातल्या एका मैदानाचं फाटक पहाटे पाचला उघडावं आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी उजाडेपर्यंत तिथले दिवे चालू ठेवावेत. किलोमीटरला सात मिनिटं या वेगाने पाऊण तासात सव्वासहा-साडेसहा किलोमीटर होतात, म्हणजे चारशे मीटरच्या सोळा फेऱ्या. कंटाळवाण्या आहेत, पण घर जवळ राहतं, सोबत कुणी नसली तरी चालतं, आणि नळाला पाणी आल्याचा फोन आला तर पाच मिनिटांत परत जाता येतं.